सैनिकाचे ताट आणि ‘म्हणे’चा लोप : माहिती, तक्रार व अफवा यांची भाषा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
- ऐकीव माहिती दर्शवणारे मराठीतील भाषिक घटक ओळखता येतील.
- एखादे विधान माहिती आहे, तक्रार आहे की अफवा आहे, याची भाषेच्या आधारे छाननी करता येईल.
- सैनिकांच्या शिध्याविषयीच्या जुन्या व नव्या विधानांचे विश्लेषण करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, अंबाजोगाईतील आमच्या अभ्यासकेंद्रात संपर्कसत्र चालू असताना एका विद्यार्थिनीने आपल्या घरातील एक प्रसंग सांगितला. तिचा भाऊ केंद्रीय राखीव दलात आहे. आईच्या भ्रमणध्वनीवर कोणीतरी एक चित्रफीत पाठवली होती. ‘पाहा, आपल्या जवानांना काय खायला घातले जाते,’ असे तिच्यावर लिहिलेले होते. आईने त्या रात्री ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मुलाशी बोलणे झाले, तेव्हा तो म्हणाला, “मला पोटभर मिळतंय, माय. पण दुसऱ्या चौकीवर काय हाय, ते मी कसं सांगू?”

मराठवाड्यातील शेकडो गावांतून मुले सेनेत आणि निमलष्करी दलांत जातात. त्यामुळे सैनिकाच्या जेवणाची चर्चा हा इथे वादविवाद स्पर्धेचा विषय नाही. ती घरातली काळजी आहे. या काळजीवर दोन प्रकारची विधाने सतत आदळत असतात. ‘जवान उपाशी आहेत’ हे एक आणि ‘जवानांना उत्कृष्ट आहार मिळतो, तक्रार करणारे खोटारडे आहेत’ हे दुसरे. ही दोन विधाने परस्परविरोधी दिसतात, पण भाषिक रचनेच्या दृष्टीने ती एकाच जातीची आहेत. कोणता जवान, कोठला, केव्हाचा आणि हे कोणी पाहिले, या चारही जागा दोन्ही विधानांत रिकाम्या आहेत. विद्यार्थिनीच्या भावाच्या उत्तरात मात्र त्या भरलेल्या आहेत. हा फरक समजून घेणे हा या घटकाचा गाभा आहे.

२. शब्दांतून दिसणारी व्यवस्था

सैन्याला कोण जेवू घालते, या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या शब्दसंग्रहातच साठवलेले आहे. मराठ्यांच्या घोडदळात ‘बारगीर’ आणि ‘शिलेदार’ असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन चाकरीस येई. पुढे इंग्रजी अमलातील हिंदी घोडदळातही शिलेदारी पद्धत दीर्घकाळ टिकली. तीत घोड्याचा आणि स्वतःच्या निर्वाहाचा बराचसा भार स्वार आपल्या पगारातून उचलत असे. अंबाजोगाई म्हणजे पूर्वीचे मोमिनाबाद. येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. म्हणजे ‘सैनिकाच्या पोटाची जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न आपल्या गावालाही नवा नाही.

आता आणखी तीन शब्द पाहू. ‘शिधा’ म्हणजे न शिजवलेले, मापून दिलेले धान्यादी पदार्थ. ‘रसद’ म्हणजे सैन्यापर्यंत पोहोचवली जाणारी सामग्री. ‘जेवण’ म्हणजे प्रत्यक्ष ताटात पडलेले अन्न. रोजच्या बोलण्यात आपण हे शब्द सहज अदलाबदलीने वापरतो, पण व्यवस्थेत ते वेगवेगळे टप्पे आहेत. कागदावर शिधा मंजूर होतो, तो खरेदी होतो, रसद म्हणून निघतो, कोठारात साठतो, लंगरात शिजतो आणि मग ताटात येतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर घट होऊ शकते. म्हणून ‘शिधा पुरेसा आहे’ आणि ‘जेवण निकृष्ट आहे’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पुष्कळसे वाद हा साधा भेद न पाळल्याने होतात.

३. जबाबदार विधानाचा एक नमुना

सैन्याच्या रसदीविषयीचे एक ठळक मराठी लेखन म्हणजे चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र. ते १६७० च्या दशकातील आहे. पावसाळ्यासाठी दाणावैरण जमवून ठेवली आहे. ती आताच उधळली तर ऐन पावसात संपेल, घोडी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरी जाऊन धान्य, भाकरी, गवत, लाकूड, भाजी आणू लागतील, रयत गाव सोडेल आणि तिला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असा त्याचा आशय आहे.

आशयाइतकीच या पत्राची भाषा अभ्यासण्यासारखी आहे. ते कोणाला उद्देशून आहे, हे स्पष्ट आहे. स्थळ ठरलेले आहे, मुदत ठरलेली आहे आणि तूट पडलीच तर ती कोणाच्या हातून पडेल, हेही सांगितलेले आहे. मुख्य म्हणजे ‘आमच्या लष्करात सर्व काही ठीक आहे’ असा दावा त्यात नाही. आपल्याच सैन्यात रसद चुकू शकते, हे राज्यकर्ता स्वतः गृहीत धरतो आणि त्यावर उपाय सांगतो. सैन्याच्या अन्नातील उणीव बोलून दाखवणे म्हणजे सैन्याचा अवमान, ही समजूत या पत्राच्या कसोटीवर टिकत नाही.

४. कूतचा वेढा : चुकीच्या माहितीची किंमत

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी (पुणे) डिव्हिजन लढत होती. तिच्यात १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखालील हे सैन्य ७ डिसेंबर १९१५ पासून तैग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा येथे तुर्की वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांनिशी शरण गेले.

या वेढ्यात अन्नाविषयीच्या दोन विधानांनी मोठा परिणाम घडवला.

पहिले विधान साठ्याविषयीचे होते. आपल्याकडील अन्न फार काळ पुरणार नाही, असा टाउनशेंड यांचा प्रारंभीचा अंदाज होता. त्यामुळे मदतीला निघालेल्या फौजेने पुरेशी तयारी होण्यापूर्वीच घाईने चढाई केली. जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी आणि हन्ना येथे लागोपाठ लढाया झाल्या आणि हजारो सैनिक मृत वा जखमी झाले. हन्नाचा हल्ला २१ जानेवारीला फसला. त्यानंतर कूतमधील घराघरांची झडती घेऊन मोजदाद केल्यावर टाउनशेंड यांनी ८४ दिवस तग धरता येईल, असे कळवले. धान्य गावातच होते, मोजणी मात्र उशिरा झाली. येथे कोणी जाणूनबुजून खोटे बोलले, असे म्हणण्याचे कारण नाही. अंदाज हा मोजलेल्या आकड्यासारखा प्रवास करत गेला, एवढेच घडले. पण त्या ‘एवढ्या’ची किंमत प्राणांनी मोजावी लागली.

दुसरे विधान घोड्याच्या मांसाविषयीचे. साठा आटत गेला तसे घोडे व खेचरे मारून मांस वाटले जाऊ लागले. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्ले, पण अनेक हिंदी सैनिकांनी दीर्घकाळ नाकारले. हिंदुस्थानातील धर्मप्रमुखांची अनुमती तारेने मागवण्यात आली, तरीही अनेकांचा संकोच एप्रिलपर्यंत गेला नाही. हिंदी सैनिकांनी हे मांस आधीच खाल्ले असते तर अधिक काळ टिकता आले असते, असा ठपका टाउनशेंड यांनी पुढे आपल्या लेखनात ठेवला.

‘हिंदी सैनिकांनी मांस नाकारले’ हे वाक्य खोटे नाही, पण ते अपुरे आहे. आपण गावी परतल्यावर जातिबांधव पंक्तीला घेतील का, मुलींची लग्ने होतील का, ही त्या सैनिकांची भीती त्यात येत नाही. हिंदी सैनिकांच्या शिध्यात ताज्या भाज्या व मांस यांचा अभाव होता आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला, हेही येत नाही. उलट, पांढऱ्या मैद्याच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्या सैनिकांना आरंभी बेरीबेरी झाला, तर कोंड्यासह दळलेला आटा खाणारे हिंदी सैनिक त्यापासून बचावले. एकाच वेढ्यात दोन शिधे होते आणि त्यांतून दोन आजार उद्भवले. हा सगळा तपशील गाळला की उरते ते फक्त दोषारोपाचे वाक्य. अर्धवट सत्य हे असत्यापेक्षा ओळखायला कठीण असते, ते यामुळेच.

५. २०१७ ची चित्रफीत : तीन प्रश्नांची सरमिसळ

जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाचे जवान तेज बहादुर यादव यांनी जम्मू-काश्मीरमधील नियंत्रणरेषेजवळच्या ठाण्यावरून फेसबुकवर चित्रफिती टाकल्या. करपलेला पराठा, हळद-मीठ घातलेले पाणीदार वरण ही दृश्ये देशभर पाहिली गेली. केंद्रीय गृहमंत्र्यांनी अहवाल मागवला. दलाने आरोप नाकारले आणि या जवानाच्या पूर्वीच्या बेशिस्तीकडे बोट दाखवले. १९ एप्रिल २०१७ रोजी त्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले.

या प्रकरणातील भाषाव्यवहार तीन पातळ्यांवर पाहता येतो.

पहिली पातळी मूळ तक्रारीची. शासन सामग्री पुरवते, ती वरचे अधिकारी मधल्या मध्ये विकतात, असा यादव यांचा आरोप होता. म्हणजे त्यांचे विधान शिधा मंजूर होण्याच्या टप्प्याविषयी नव्हते. ते कोठार आणि ताट यांच्यामधील टप्प्याविषयी होते. विशिष्ट ठाणे, विशिष्ट काळ, प्रथमपुरुषी साक्ष अशी या तक्रारीची रचना होती. अशी तक्रार तपासता येते. ती खरी ठरू शकते वा खोटी ठरू शकते.

दुसरी पातळी सामान्यीकरणाची. काही तासांतच ‘एका ठाण्यावरील वरण’ हे ‘भारतीय लष्कराचे जेवण’ झाले. सीमा सुरक्षा दल हे गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील दल आहे, तर सेना संरक्षण मंत्रालयाच्या. दोन्हींची रचना व जबाबदारीची साखळी भिन्न आहे. मराठी वृत्तभाषेत मात्र सेना, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल या सर्वांतील व्यक्तींना ‘जवान’ हा एकच शब्द वापरला जातो. शब्द आदराचा आहे, यात शंका नाही, पण त्याच्या आड उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न झाकला जातो.

तिसरी पातळी विषयांतराची. चर्चा वरणावरून माणसावर गेली. तो शिस्तप्रिय होता की नव्हता, त्याच्या मित्रयादीत कोण होते, यावर शब्द खर्च झाले. मार्च २०१७ मध्ये तर त्यांचा मृत्यू झाल्याची बातमी छायाचित्रासह पसरली. ती खोटी होती, यादव जिवंत होते.

येथे एक तत्त्व नीट लक्षात घ्यावे. जवानाने समाजमाध्यमावर चित्रफीत टाकणे नियमात बसते का, हा शिस्तीचा प्रश्न आहे. वरण कसे होते, हा अन्नाचा प्रश्न आहे. मृत्यूची बातमी खरी होती का, हा अफवेचा प्रश्न आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. मृत्यूची बातमी खोटी निघाली म्हणून वरण दाट होत नाही, आणि वरण पातळ होते म्हणून मृत्यूची बातमी खरी ठरत नाही.

६. ‘पर्यंत’ आणि ‘म्हणे’

अफवा तयार होण्यासाठी नेहमी नवे खोटे रचावे लागत नाही. पुष्कळदा एखादा लहानसा शब्द गळला तरी पुरते.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’ने, सेनेच्या शिधापुरवठ्याची तपासणी एकाहून अधिक वेळा केलेली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात अत्युच्च प्रदेशातील विशेष शिध्याविषयी गंभीर निरीक्षण होते. ठरवून दिलेल्या पदार्थांऐवजी किंमत समान धरून पर्यायी पदार्थ दिल्यामुळे सैनिकांना मिळणारे ऊष्मांक ८२ टक्क्यांपर्यंत घटले, असे त्यात नोंदवलेले होते. आता हे वाक्य पुढील प्रकारे बदलत गेले, अशी कल्पना करा :

(अ) विशेष शिध्यात पर्यायी पदार्थ दिल्याने ऊष्मांक ८२ टक्क्यांपर्यंत घटले.
(आ) उंचावरील जवानांचे ऊष्मांक ८२ टक्के घटले.
(इ) जवानांना ८२ टक्के कमी अन्न दिले जाते.

(अ) मधून (आ) मध्ये जाताना ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय गळले. कमाल मर्यादा सरासरी बनली. त्याबरोबर ‘विशेष शिध्यात’ हे मर्यादादर्शक पदही गेले. (इ) मध्ये ‘ऊष्मांका’चे ‘अन्न’ झाले, उंचीची अट गेली आणि भूतकाळी नोंद ‘दिले जाते’ अशी नित्याची रीत बनली. शिवाय ‘दिले जाते’ या प्रयोगात देणारा कोण, हे सांगावेच लागत नाही. तीन पायऱ्यांत लेखापरीक्षणाच्या निरीक्षणाची अफवा झाली.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. (इ) हे वाक्य चुकीचे आहे, असे सिद्ध करून कोणी (अ) देखील फेटाळू पाहील, तर तोही दिशाभूलच करतो. अतिशयोक्ती खोडून काढली, तरी मूळ निरीक्षण उत्तराची वाट पाहत उभेच असते.

आता ‘म्हणे’ या शब्दाकडे वळू. ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलेला हा शब्द वाक्याला जोडला की ‘हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे’ असा अर्थ मिळतो. ‘तिकडं नुसतं पाणीदार वरण देतात म्हणे’, असे पारावर बसलेला माणूस बोलतो, तेव्हा तो अजाणता आपल्या विधानाची विश्वासार्हता मोजून देत असतो. ऐकणाऱ्यालाही ‘कोण म्हणतं?’ असे विचारायला जागा राहते. लेखी मराठीत हेच काम ‘असे समजते’, ‘असे सांगितले जाते’, ‘अमुक यांच्या म्हणण्यानुसार’ या रचना करतात.

भ्रमणध्वनीवरून संदेश पुढे पाठवताना हा ‘म्हणे’ नाहीसा होतो. पाठवणारा स्वतः वाक्य रचत नाही, तो दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे सरकवतो. म्हणून दहाव्या हाताचे ऐकीव विधानही वाचणाऱ्यापुढे डोळ्यांनी पाहिल्यासारखे उभे राहते. त्यातच ते मामाने किंवा शेजारच्या काकूंनी पाठवलेले असते. मूळ वक्त्याचा पत्ता नसतो, पण मामावरचा विश्वास मात्र त्या वाक्याला चिकटतो.

७. छाननीच्या पाच कसोट्या

सैनिकांच्या अन्नाविषयी, किंबहुना कोणत्याही सार्वजनिक विषयावरील विधान समोर आले की पुढील प्रश्न विचारावेत :

१. कर्ता : कोणते दल, कोणती तुकडी? ‘जवान’ या शब्दामागे नेमके कोण आहे?
२. स्थळ व काळ : कोठले ठाणे, किती उंची, कोणते वर्ष? जुने दृश्य नव्या तारखेने फिरत आहे का?
३. टप्पा : विधान मंजूर शिध्याविषयी आहे, पुरवठ्याविषयी, साठवणीविषयी की ताटातल्या जेवणाविषयी?
४. साक्ष : सांगणाऱ्याने पाहिले, मोजले की ऐकले? वाक्यातून ‘म्हणे’ गळला आहे का?
५. मर्यादा : ‘पर्यंत’, ‘सुमारे’, ‘काही’, ‘या ठिकाणी’ असे शब्द मूळ विधानात होते का आणि आता आहेत का?

या कसोट्या दोन्ही बाजूंना सारख्याच लावाव्यात. ‘आमच्या दलात अन्नाची कसलीही तक्रार नाही’ या अधिकृत निवेदनालाही कर्ता, स्थळ, टप्पा आणि साक्ष विचारावी लागते.

८. समारोप

प्रारंभीच्या प्रसंगातील भावाचे उत्तर पुन्हा वाचा : “मला पोटभर मिळतंय, माय. पण दुसऱ्या चौकीवर काय हाय, ते मी कसं सांगू?” पहिल्या वाक्यात प्रथमपुरुषी साक्ष आहे. दुसऱ्यात त्या साक्षीची मर्यादा आहे. आईला धीर देताना त्याने दुसऱ्या चौकीवरच्या सहकाऱ्याची संभाव्य तक्रार खोटी ठरवली नाही. भाषाशास्त्राचे पुस्तक न उघडता त्याने पाचही कसोट्यांचे भान राखले.

आपण पाहिले की कूतमध्ये न मोजलेला अंदाज मोजलेला समजला गेला, २०१७ मध्ये एका ठाण्याची तक्रार संपूर्ण सैन्याची झाली आणि मग व्यक्तीवर घसरली. लेखापरीक्षणाच्या वाक्यातून एक ‘पर्यंत’ गळला तर काय होते, हेही पाहिले. खोटी बातमी सैनिकाच्या घरी विनाकारण घोर लावते. खरी तक्रार अफवा म्हणून फेटाळली गेली, तर सैनिकाच्या ताटातील उणीव तशीच राहते. म्हणून या दोहोंत भेद करणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘शिधा’, ‘रसद’ आणि ‘जेवण’ या शब्दांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘अंदाज मोजलेल्या आकड्यासारखा प्रवास करतो’ हे विधान कूतच्या वेढ्याच्या आधारे विशद करा.
३. पुढील वाक्यात पाच कसोट्यांपैकी कोणत्या जागा रिकाम्या आहेत, ते लिहा : ‘सीमेवर जवानांना शिळे अन्न दिले जाते.’

उपक्रम

आपल्या भ्रमणध्वनीवर आलेला कोणताही एक संदेश निवडा. त्यातील प्रत्येक वाक्याला ‘म्हणे’ जोडून तो पुन्हा लिहा. कोणत्या वाक्यांना ‘म्हणे’ शोभतो आणि कोणती वाक्ये त्याशिवायही उभी राहतात, याची कारणांसह नोंद करून ती संपर्कसत्रात वाचून दाखवा.